सांगली-साताऱ्याहून लक्षद्वीप: सहल कशी आखावी

लक्षद्वीपला जायचं ठरलं की घरातलं कोणीतरी मोबाइल काढून लगेच विमानाचं तिकीट बघायला लागतं. गोव्याला किंवा उटीला जाताना हे चालतं, लक्षद्वीपला चालत नाही. तिथे पाय ठेवायला भारतीय नागरिकालाही प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो आणि राहायच्या खोल्या मोजक्याच आहेत. म्हणून आधी बेट ठरवा, मग महिना, मग परवाना आणि राहण्याची सोय. मिरजेहून किंवा साताऱ्याहून निघायचं तिकीट सगळ्यांत शेवटी. रेल्वेचं आरक्षण तसंही 60 दिवस आधी उघडतं, तोवर पहिली तीन कामं मार्गी लावा.

1. बेट ठरवा

लक्षद्वीपमध्ये 36 बेटं आहेत, त्यातल्या 10 बेटांवर वस्ती आहे आणि सगळी जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर भरते. पर्यटकांना त्यातली थोडीच बेटं खुली आहेत. विमानाने उतरायचं ठिकाण अगत्ती. तिथून बंगारमला बोटीने जाता येतं. बंगारमवर गाव नाही, फक्त पर्यटकांची सोय आहे. पाण्याखाली डुबकी मारून प्रवाळ बघण्याची हौस असेल तर कदमत बघा. कवरत्ती ही राजधानी. तिथल्या जुन्या उज्रा मशिदीचं लाकडावरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. मिनिकॉय सगळ्यांत दक्षिणेला आहे. तिथली भाषा महल, मालदीवच्या भाषेच्या जवळची, आणि 1885 सालचं दीपगृह अजून उभं आहे.

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने एकच बेट घ्यावं आणि तिथे निवांत राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन बेटं बघायचीच असतील तर जहाजाची सहल घ्या. त्यात रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा बेटावर उतरायचं, अशी रचना असते.

2. महिना ठरवा

जून ते सप्टेंबर विसरा. मान्सूनमध्ये समुद्र खवळलेला असतो आणि बोटींची ये-जा विस्कळीत होते. हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा, त्यातही डिसेंबरचा उत्तरार्ध ते मार्च उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी थोडं सावध राहावं, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केरळकडे परतीचा पाऊस असतो आणि चक्रीवादळांचाही तो काळ असतो. 2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळाने मिनिकॉय आणि कल्पेनी या बेटांचं मोठं नुकसान केलं होतं.

तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्ष बागायतदारांना डिसेंबर ते मार्च हलता येत नाही. त्यांनी माल उतरल्यावर, खरड छाटणीच्या आधी बाग विश्रांतीला असते तो आठवडा धरावा. उकाडा असतो, पण समुद्र बहुधा शांत मिळतो. रमजान कधी येतोय तेही बघून घ्या. बेटांवरची वस्ती बहुतांश मुस्लिम आहे आणि त्या महिन्यात दिवसा गावातली हॉटेलं बंद असू शकतात.

3. परवाना काढा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लक्षद्वीप पर्यटन विभागाची किंवा मान्यताप्राप्त सहल कंपनीची सहल घेणं. मग परवान्याचे कागद तेच पुढे सरकवतात. दोन्ही वाटांनी ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र तयार ठेवा. आपल्याकडे या प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मग तुमच्या हद्दीतल्या ठाण्याकडून पडताळणी होते. ठाण्यातून फोन आला की त्याच दिवशी जाऊन या, नाहीतर कागद तिथेच पडून राहतो. आधार कार्डावरचा पत्ता जत किंवा कोरेगावचा आणि राहणं पुण्याला, अशी घरं खूप आहेत. त्यांनी अर्ज कोणत्या पत्त्यावर करायचा ते आधीच ठरवावं. परवान्यात ज्या बेटांची नावं असतील तिथेच जाता येतं.

परवान्याच्या आणि ओळखपत्राच्या छापील प्रती जवळ ठेवा. फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

4. कोचीला पोहोचा

लक्षद्वीपचं दार म्हणजे कोची. पूर्णा एक्सप्रेस पुण्याहून साताऱ्यामार्गे मिरजेला येते आणि बेळगाव, मडगाव करत एर्नाकुलमला जाते, पण ती आठवड्यातून एकदाच. तो वार जमला नाही तर आंबा घाटाने रत्नागिरीला उतरून कोकण रेल्वे धरा. तिथून जाणाऱ्या एका गाडीचं नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे आणि ती थेट एर्नाकुलमला पोहोचते. घाई असेल तर पुण्याहून कोचीला विमान आहे.

कोचीहून अगत्तीला लहान विमान जातं, त्यात सामानाची मर्यादा कमी असते. तिकीट काढतानाच ती वाचा. जहाजाला बेटानुसार 14 ते 18 तास लागतात. दोन्ही बाबतींत कोचीत एक रात्र आधी मुक्काम ठेवा. गाडी उशिरा आली म्हणून तुमच्यासाठी जहाज थांबणार नाही.

5. जहाज आणि होडी: ज्येष्ठांसाठी खास

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बहुतेक बेटांभोवती उथळ खाजण, म्हणजे समुद्राच्या शांत पाण्याचा पट्टा, आणि त्याभोवती प्रवाळाची भिंत असते, त्यामुळे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना भर समुद्रात जहाजातून लहान होडीत उतरावं लागतं. होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. खलाशी हात धरून घेतात, त्यांचा सराव मोठा आहे, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे अवघडच. अशा वेळी विमानाने अगत्तीला जाऊन तिथेच राहणं शहाणपणाचं. जहाजाने जाणाऱ्यांनी चाकांची बॅग न घेता पाठीवरची पिशवी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्या, पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

नेहमीची औषधं चार दिवस जास्तीची ठेवा. हवा बिघडली तर परतीचा दिवस पुढे जातो.

6. पाणी, खाणं, वागणं

जत, आटपाडी, माण, खटाव या भागातल्या माणसाला बेटावरचं पाण्याचं गणित लगेच समजेल. तिथे नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. म्हणून 2005 साली कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला. समुद्राचा वरचा थर ऊबदार आणि खोलवरचं पाणी गार, या तापमानाच्या फरकावर तो चालतो आणि त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. टँकरची वाट बघितलेल्या आपल्या माणसांनी तिथे शॉवर सोडून उभं राहू नये. बादलीभर पाण्यात अंघोळ करावी.

जेवणात भात, नारळ आणि मासे, विशेषतः ट्यूना. शाकाहारी मिळतं, पण भाजीपाला जहाजाने येतो, त्यामुळे निवड थोडी. सोबत भडंग घ्या, रिकामी पाकिटं मात्र परत आणा. साताऱ्याचे कंदी पेढे यजमानांना द्यायला छान. रोख पैसे पुरेसे ठेवा. दारू बंगारम सोडता इतर बेटांवर बंद आहे, हा नियम मोडू नका. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला आणि बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

7. पाण्यात उतरण्याआधी

कृष्णेत पोहायला शिकलेल्यांना समुद्रात तरंगणं सोपं जातं. तरी प्रवाळाच्या भिंतीजवळची ओढ नदीसारखी नसते, तिथे स्थानिक माणूस सोबत नसेल तर जाऊ नका. मुलांना महिनाभर आधी जवळच्या तलावावर मास्क आणि नळी लावून तोंडाने श्वास घ्यायला शिकवा. त्यामुळे पहिली भीती इथेच जाते आणि तिथे फुकट जाणारा अर्धा दिवस वाचतो.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे मुलांना घरूनच पक्कं सांगून न्या. दिसतो तो दगड नसतो, बारीक जिवांची वसाहत असते. पाणी जास्त तापलं की हे जीव आपल्यातलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातून सावरायला त्यांना वर्षानुवर्षं लागतात, आणि आपल्या एका टाचेने ती वाढ मोडते. उन्हासाठी क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि तो घरी आणणं गुन्हा आहे.

8. परतीचं तिकीट

बेटावरून कोचीत उतरायचा दिवस आणि कोचीहून निघायचा दिवस एकच ठेवू नका. मध्ये एक रात्र ठेवा. जहाज वेळेवर आलं तर तो दिवस फोर्ट कोचीत मासेमारीची चिनी जाळी बघत सहज जातो, उशीर झाला तर मिरजेची गाडी चुकत नाही.