रिलीजच्या तोंडावर कोड फॉरमॅट करायचाय? मग आधी तारीख ठरवा

रिलीज जवळ आला की कोणीतरी एक पुल रिक्वेस्ट (आपले बदल आत घ्या अशी विनंती) टाकतंच, "थोडी साफसफाई केलीये" म्हणून, आणि उघडून बघावं तर तीनशे फाइली लाल-हिरव्या. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, टॅब आणि स्पेसची सरमिसळ बघून कोणाचेही हात शिवशिवतात. मी स्वतः एका सी प्रोजेक्टचा मेंटेनर आहे आणि कोड एकसारखा दिसावा असं मला मनापासून वाटतं, पण चुकीच्या वेळी केलेली साफसफाई किती महाग पडते तेही मी बघितलंय.

झालं असं की आम्ही रिलीज ब्रँच (रिलीजसाठी कोडची वेगळी शाखा) कापली आणि त्यानंतर मेनवर, म्हणजे मुख्य शाखेवर, सगळा कोड फॉरमॅट केला, रिलीज ब्रँच जुन्याच वळणाची राहिली. पंधरा दिवसांनी एक सिक्युरिटी बग आला. फिक्स एका ओळीचा, लांबी तपासणाऱ्या इफमध्ये एक बरोबरचं चिन्ह जास्त होतं तेवढं काढायचं. मेनवर दोन मिनिटांत झालं, पण रिलीज ब्रँचवर चेरी-पिक केलं, म्हणजे तोच कमिट (नोंदवलेला बदल) तिकडे उचलून लावला, तर कॉन्फ्लिक्ट, कारण तीच इफ मेनवर तीन ओळींत मोडलेली आणि तिकडे एका लांबलचक ओळीत. मग रात्री एक वाजता हाताने बदल केला आणि त्यात शेजारची एक अट गाळली गेली. टेस्टने पकडली म्हणून वाचलो, नाहीतर फिक्स म्हणून नवीनच भोक बाहेर गेलं असतं.

तेव्हापासून मी आधी वेळ ठरवतो, फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) कुठला हे नंतर. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे फीचर फ्रीज झाल्यावर (नवीन फीचर घेणं थांबल्यावर), मोठे बदल आत येऊन बसल्यावर, पण रिलीज ब्रँच कापायच्या आधी, म्हणजे दोन्हीकडे कोड एकाच वळणाचा राहतो आणि पुढचे फिक्स सरळ उचलता येतात. पोस्टग्रेस डेटाबेसवाले वर्षानुवर्षं असंच करत आलेत, त्यांचं पीजीइंडेंट नावाचं टूल डेव्हलपमेंट सायकलच्या शेवटाला, नवीन ब्रँच निघायच्या आधी अख्ख्या कोडवर फिरवलं जातं. त्यांची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते, तेव्हा बॅकपॅच करायचं, म्हणजे जुन्या आवृत्त्यांत फिक्स नेऊन लावायचं दुखणं त्यांना चांगलं ठाऊक आहे.

दुसरा रस्ता म्हणजे सगळ्या चालू ब्रँचेस एकाच वेळी फॉरमॅट करणं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने जानेवारी २०१५ मध्ये, १.०.२ बाहेर पडायच्या तोंडावर, नुसत्या मास्टरवर न थांबता सांभाळत असलेल्या जुन्या ब्रँचेसवरही हे केलं आणि फॉरमॅटच्या आधीचा आणि नंतरचा कमिट टॅग करून ठेवला. हे टॅग नक्की लावा, त्यांचा उपयोग खाली सांगतोच. आणि आरसी (रिलीज कँडिडेट, लोकांना तपासायला दिलेली आवृत्ती) निघाल्यापासून फायनल रिलीजपर्यंत फॉरमॅटिंगला हातही लावू नका, लोकांनी जो कोड तपासला तोच बाहेर गेला पाहिजे, एवढ्यासाठीच तर आरसी काढतो आपण.

आता प्रत्यक्ष काम. त्याचे वेगवेगळे कमिट करा. पहिल्यात फॉरमॅटरची कॉन्फिग फाइल. दुसऱ्यात हाताने करायची तयारी, म्हणजे हाताने आखलेले टेबल, बिटफील्डचे नकाशे, कॉमेंटमधल्या आकृत्या यांच्याभोवती क्लँग-फॉरमॅट या फॉरमॅटरच्या ऑफ आणि ऑन या खुणा लावणं, म्हणजे टूल तेवढा भाग सोडून देतं. जीएनयू इंडेंट वापरत असाल तर कॉमेंट सुरू होताना स्लॅश-ताऱ्याला चिकटून एक डॅश दिला की इंडेंट त्या कॉमेंटला शिवत नाही. तिसऱ्या कमिटमध्ये फक्त टूलने केलेले बदल, एक अक्षरही हाताने नाही, आणि कमिट मेसेजमध्ये नेमकी कमांड आणि टूलचा व्हर्जन नंबर लिहा, कारण क्लँग-फॉरमॅटच्या दोन व्हर्जनचं आउटपुट वेगळं येऊ शकतं.

हे एवढं काटेकोर अशासाठी की तीनशे फाइलींचा डिफ कोणीही खरोखर वाचत नाही, दहाव्या फाइलनंतर डोळे नुसते सरकतात. म्हणून रिव्ह्यूअरने वाचत बसूच नये. त्याने आधीच्या कमिटवर तीच कमांड स्वतः चालवायची आणि निकाल तुमच्या कमिटशी जुळवायचा, डिफ रिकामा आला तरच मंजुरी. हाताने काही घुसडलं असेल तर ते असं लगेच उघडं पडतं.

त्यानंतर फॉरमॅटच्या आधीचा आणि फॉरमॅटचा असे दोन्ही कमिट डीबग माहितीशिवाय बिल्ड करून ऑब्जेक्ट फाइली ताडून बघा. सी मध्ये अ‍ॅसर्ट लाइन नंबर घेऊन बसतो, त्यामुळे तेवढ्यासाठी एनडीबग (अ‍ॅसर्ट बंद करणारा मॅक्रो) डिफाइन करून बिल्ड करा, नाहीतर उगाच फरक दिसेल आणि जीव घाबरेल. पायथॉनमध्ये ब्लॅक हा फॉरमॅटर वापरत असाल तर आधीचा आणि नंतरचा सिंटॅक्स ट्री तो स्वतःच पडताळतो. क्लँग-फॉरमॅटचं इन्क्लूड सॉर्टिंग पहिल्या फेरीत बंदच ठेवा, क्रमावर अवलंबून असलेले हेडर बऱ्याच जुन्या प्रोजेक्टमध्ये असतात आणि बिल्ड तिथेच मोडतो.

आणि साफसफाईच्या नावाखाली काय काय येतं तेही बघा. व्हेरिएबलची नावं बदलणं, वॉर्निंग घालवणं, एरर मेसेजमधला पूर्णविराम सुधारणं, यातलं काहीच फॉरमॅटिंग नाही. स्ट्रिंग फ्रीजनंतर (मेसेज आता बदलायचे नाहीत असं ठरल्यावर) मेसेजमधलं एक अक्षर जरी बदललं तरी गेटटेक्स्ट या भाषांतराच्या टूलमध्ये त्या ओळीचं प्रत्येक भाषेतलं भाषांतर फझी (पुन्हा तपासायचं) होतं आणि यूजरला पुन्हा इंग्रजी दिसतं, अनुवादकांची मेहनत वाया. वॉर्निंगचं म्हणाल तर डेबियनमध्ये २००६ साली व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या टूलची तक्रार थांबवायला ओपनएसएसएलमधल्या ओळी काढल्या, आणि २००८ मध्ये लक्षात आलं की रँडम नंबरमध्ये प्रोसेस आयडी सोडून फारसं काही उरलेलंच नाही, त्यामुळे एन्क्रिप्शनच्या कीज (चाव्या) अंदाजाने काढता येत होत्या. असे बदल वेगळे, छोटे आणि नीट रिव्ह्यू करूनच.

ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) बिघडतो ही तक्रार हमखास येते आणि ती रास्तच आहे, पण त्यावर आता उपाय आहे. गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ब्लेमला वगळायच्या कमिटची यादी देता येते. रिपोच्या मुळाशी डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज नावाची फाइल ठेवा, तिच्यात फॉरमॅट कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) लिहा. गिटहब ही फाइल आपणहून वाचतं, स्वतःच्या मशीनवर मात्र गिट कॉन्फिगमध्ये तिचं नाव एकदा द्यावं लागतं. हॅश टाका तो फॉरमॅट कमिट मर्ज झाल्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये, कारण स्क्वॉश किंवा रिबेस करून मर्ज केलं तर हॅश बदलतो आणि यादीतला नंबर कशालाच जुळत नाही.

राहिले उघडे पुल रिक्वेस्ट. त्यांच्या मालकांना आठवडाभर आधी तारीख कळवा, जे मर्ज होण्यासारखे आहेत ते आधी आत घ्या. बाकीच्यांना ही कृती द्या: आपल्या ब्रँचमध्ये आधी फॉरमॅटच्या आधीचा टॅग मर्ज करा आणि खरे कॉन्फ्लिक्ट तिथेच सोडवा, मग तीच कमांड, तेच व्हर्जन वापरून ब्रँच फॉरमॅट करून कमिट करा, आणि शेवटी नंतरचा टॅग अवर्स स्ट्रॅटेजीने, म्हणजे समोरचे बदल न घेता आपलाच कोड ठेवून, मर्ज करा. या दोन टॅगमध्ये टूलच्या बदलांशिवाय काही नसेल, म्हणजे पहिला टॅग तयारीच्या कमिटवर आणि दुसरा फॉरमॅटच्या कमिटवर असेल, तरच हे चालतं, मध्ये कोणी छोटासा फिक्स टाकला असेल तर अवर्स तो गुपचूप गिळून टाकेल. म्हणून त्या अर्ध्या तासासाठी मेन ब्रँच लॉक करून ठेवा, आणि नवख्या कॉन्ट्रिब्युटरला हे जमत नसेल तर त्याच्या ब्रँचवर तुम्हीच करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे.