मेट्रोचा एमडी व्हायचंय? मग आधी प्रांत ऑफिसात बसायची तयारी ठेवा

स्पर्धा परीक्षेवाली पोरं अधूनमधून विचारतातच, की मेट्रोचा एमडी, म्हणजे मेट्रो कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक, व्हायला कुठली परीक्षा द्यायची. तर अशी परीक्षाच नाहीये. वाटा साधारण दोन. एक रेल्वेच्या सर्व्हिसमधून, म्हणजे ई. श्रीधरन कोकण रेल्वे करून दिल्ली मेट्रोत गेले ती, आणि दुसरी आयएएस होऊन. मुंबई मेट्रो 3 च्या अश्विनी भिडे दुसऱ्या वाटेने आल्या, म्हणून त्यांचंच करिअर समोर ठेवून सांगतो.

आधी डिग्रीचं टेन्शन सोडा. मॅडम सांगलीकडच्या, इंग्रजी साहित्यात एमए, 1995 ची आयएएस बॅच. इंजिनिअर नाहीत, तरी त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या पोटात 17 टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी अजस्र यंत्रं, फिरल्या. बोगदा खणणारे लोक मिळतात हो, बोगद्यासाठी जागा मोकळी करून देणारा माणूस मिळत नाही.

आणि ते काम शिकायचं ठिकाण म्हणजे पहिली पोस्टिंग. त्यांची इचलकरंजीला होती. प्रांत (उपविभागाचा महसूल अधिकारी) म्हणून बसलात की भूसंपादनाच्या फायली येतात, त्यावर नुसती सही मारून पुढे ढकलू नका, सातबारावर नाव एकाचं, कसतो दुसरा, मोबदला मागायला येतो तिसरा, हे एकदा जागेवर जाऊन बघा. मग झेडपी मिळाली तर नाक मुरडू नका. भिडे नागपूर झेडपीच्या सीईओ होत्या. तिथे सदस्य सभेत तोंडावर प्रश्न विचारतात आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, पुढे शहरात चिडलेल्या सोसायटीसमोर उभं राहताना हीच सवय कामाला येते.

नंतर जमलं तर एमएमआरडीए (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण), सिडको (नवी मुंबई वसवणारं महामंडळ), एखादी महापालिका असं काहीतरी घ्या. कलेक्टरची खुर्ची सोडून इकडे कशाला यायचं असं बॅचवाले म्हणतील, म्हणू देत. भिडे 2008 ते 2014 एमएमआरडीएत होत्या, आणि ईस्टर्न फ्रीवे, मोनोरेल, वर्सोवा-घाटकोपर मेट्रो हे सगळं त्याच काळातलं. टेंडर कसं निघतं, कॉन्ट्रॅक्टर क्लेम कुठे लावतो, प्रकल्पबाधितांना घर कधी द्यायचं आणि पाडकाम कधी करायचं (क्रम उलटा झाला की मेलात), हे तिथेच कळतं.

जानेवारी 2015 मध्ये त्या एमएमआरसीच्या, म्हणजे मेट्रो 3 बांधणाऱ्या कंपनीच्या, एमडी झाल्या. केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार, कर्ज जपान सरकारच्या जायका या संस्थेचं, 33.5 किमी लाइन, 27 स्टेशनं. ऐकायला भारी वाटतं पण खरी परीक्षा गिरगाव-काळबादेवीत. तिथल्या चाळीतल्या भाडेकरूला तुमच्या नकाशाशी काही घेणं नसतं, तो विचारतो नवी खोली ह्याच गल्लीत देणार की नाही, किती फुटांची, आणि तोपर्यंतचं भाडं कोण भरणार. तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्यायची तयारी असेल तरच जिना चढा. तिथल्या तिथेच पुनर्वसन करायचं ठरलं, आणि माझ्या मते ह्या प्रोजेक्टमधला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

आता आरे, म्हणजे ह्या मेट्रोच्या कारशेडसाठी (गाड्या ठेवायची जागा) झाडं तोडली तो गोरेगावचा भाग. हे मात्र काय करू नये म्हणून वाचा. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात, सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. कागदावर परवानगी होती, मान्य, पण रात्रीत केलेलं काम लोक विसरत नाहीत. पुढे 84 झाडांची परवानगी घेऊन नंतर आकडा वाढवला म्हणून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने एमएमआरसीला 10 लाखांचा दंड लावला. त्यामुळे कारशेड, झाडं असले विषय असतील तर सुनावणी आणि आकडे आधीच उघड करा, आणि स्वतःच्या ट्विटर हँडलवरून भांडत बसू नका.

बदलीची बॅग भरलेलीच ठेवा. सरकार बदललं आणि जानेवारी 2020 ला त्यांना हलवलं. मग कोविडमध्ये बीएमसीत अतिरिक्त आयुक्त, तिथेही रडत न बसता काम केलं, आणि 2022 ला परत मेट्रोत. सगळ्यांना अशी परतीची संधी मिळत नाही, आयएएस अधिकारी तुकाराम मुंढे पुण्यात पीएमपीएमएलला (शहराची बस कंपनी) मार्च 2017 ला आले आणि फेब्रुवारी 2018 ला गेलेसुद्धा. म्हणून निर्णयाची कारणं फाइलवर नीट लिहून ठेवा, मागून येणाऱ्याला शून्यापासून सुरू करावं लागू नये. रखडण्याची किंमत बघा ना, मेट्रो 3 चा खर्च 23,136 कोटींवरून 37 हजार कोटींच्या पुढे गेला.

पहिला टप्पा, आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ऑक्टोबर 2024 ला सुरू झाला, कफ परेडपर्यंत पोचायला ऑक्टोबर 2025 उजाडलं. आणि गाडी सुरू झाली की कामाचा प्रकारच बदलतो, बोगद्यात मोबाइलला रेंज नाही, स्टेशनबाहेर रिक्षा नाही, कुठल्या गेटने बाहेर पडायचं कळत नाही, ह्या तक्रारी तुमच्याच टेबलावर येणार. तेव्हा इंटरव्ह्यूच्या तयारीत मेट्रो कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचाच, पण एक दिवस तिकीट काढून पूर्ण लाइन फिरा आणि लोक कुठे अडतात ते वहीत लिहून आणा.