बिडेला गरम पाणी हवंच का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

डिसेंबर संपत आला, सकाळी पारा सोळा-सतराला टेकला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हळूच विचारतंच, की ते कमोडला लावायचं गरम पाण्याचं सीट कुणी बसवलंय का, कसं आहे, कुठून घेतलं. मग दहा जण लिंका टाकतात, दोघं-तिघं खरंच ऑर्डर करतात आणि फेब्रुवारी उजाडला की तेच सीट हीटर बंद करून नुसतं साधं जेट म्हणून वापरलं जातं. माझं मत आधीच सांगून टाकते, ठाण्यात आणि नवी मुंबईत धडधाकट माणसांच्या घरात बिडेला, म्हणजे शौचानंतर धुवायच्या धारेला, गरम पाण्याची गरज नाहीये, ज्यांना आहे त्यांना खरोखर आहे, आणि गडबड होते ती या दोघांमध्ये फरक न केल्याने.

थंडीच्या पहिल्या आठवड्यात निर्णय घेऊन मोकळं होणं

हे गरम पाण्याचं प्रकरण रुजलं जपानमध्ये. टोटो कंपनीने १९८० मध्ये वॉशलेट, म्हणजे गरम पाण्याने धुणारं सीट, बाजारात आणलं आणि तिथे त्याला कारणही तसंच होतं, सप्पोरोसारख्या ठिकाणी हिवाळ्यात नळाला जे पाणी येतं ते जवळजवळ बर्फाचंच, त्यात घरातला संडास गारठलेला, म्हणून पाणीपण गरम आणि सीटपण गरम. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीच्या पहाटेसुद्धा साधारण वीस ते चोवीसच्या मधे कुठेतरी असतं. ते अंगावर आल्यावर एक-दोन सेकंद दचकायला होतं हे मान्य, पण मग त्वचेला सवय होते आणि काम उरकतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, तो बत्तीस-पस्तीसच्या खाली काही दाखवतच नाही, फिश टँकवाल्याकडे मिळतो तो स्वस्तातला काचेचा घ्या. जानेवारीत सकाळी सगळ्यात आधी उठणाऱ्याने जेटचं पाणी मगात घेऊन बघायचं, एकदा अगदी पहिल्या धारेचं आणि एकदा मिनिटभर वाहू दिल्यावरचं. पहिलं पाणी भिंतीतल्या पाइपमधलं असतं म्हणून ते घराइतकंच कोमट लागतं, नंतरचं डक्टमधून गच्चीवरून आलेलं असतं, ते जास्त गार. बिडेला पाणी लागतंच थोडं त्यामुळे तुमच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिलंच येतं. आकडा विसाच्या वर असेल तर मी तरी पैसे घालणार नाही. येऊरच्या पायथ्याला किंवा घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला जरा जास्त गारठतं, तिथल्यांनी मोजूनच ठरवा.

प्रेशरचा दोष थंडीवर ढकलणं

ही चूक सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारी. गार पाणी हळू आलं तर फक्त गार लागतं, तेच जोरात आलं तर झोंबतं, आणि माणूस म्हणतो पाणी फार थंड आहे हो. टाकीपासून दहा मीटर खाली आलं की साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर तयार होतं, म्हणजे सात मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला दीड किलोच्या वरच मिळतं, आणि टॉवरमध्ये मधे प्रेशर कमी करायचा व्हॉल्व नीट सेट नसेल तर त्याहून बरंच जास्त. एवढ्या जोराने बारीक नोझलमधून धार आली तर कोमट पाणीसुद्धा टोचेल.

त्यामुळे सीट शोधायच्या आधी कमोडशेजारचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा नळ, हाताने फिरवून बघा. पूर्ण उघडा असतो तो, प्लंबर जाताना तसाच ठेवून जातो. अर्ध्याच्या खाली आणा, मनगटावर धार घेऊन बघा, टोचत नसेल एवढ्यावर ठेवा आणि आठवडाभर तसंच वापरा. बऱ्याच घरांत गरम पाण्याचा विषय इथेच संपतो.

याच्या उलट सगळ्यात वरच्या मजल्याचं. तिथे टाकी डोक्यावर चार-पाच मीटरच, म्हणजे प्रेशर अर्धा किलोच्या आतबाहेर. झटपट गरम करणाऱ्या सीटला ठरावीक प्रेशर लागतं, त्याहून कमी मिळालं तर आतला हीटर सुरूच होत नाही. लाइट लागते, बटण दाबलं जातं, पाणी येतं पण गारच, आणि मग सर्व्हिसवाला येऊन म्हणतो मशीन ओके आहे. ते ओकेच असतं! बॉक्सवर किंवा माहितीपुस्तकात किमान पाण्याचं प्रेशर लिहिलेलं असतं ते घ्यायच्या आधी वाचा आणि प्लंबरकडून गेज लावून आपलं मोजून घ्या, तेही पंप चालू नसताना.

गिझरच्या लाइनला जोडणं

आता खरा घोळ. "अहो ताई, कशाला इलेक्ट्रिक सीट घेता, गिझरची लाइन शेजारीच आहे, टी मारून देतो", असं प्लंबरदादा म्हणणार म्हणजे म्हणणारच. ऐकायला छान वाटतं, पण हिशोब करून बघा. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरमागे साधारण सव्वाशे मिली पाणी मावतं. गिझर बाथरूममध्ये वर टांगलेला, लाइन भिंतीतून खाली येऊन संडासापर्यंत फिरलेली, त्यात वाशी-नेरुळच्या जुन्या घरांत किंवा नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये संडास आणि बाथरूम वेगळे, म्हणजे चार-पाच मीटर सहज होतात. म्हणजे अर्धा लिटरच्या वर गार पाणी आधी बाहेर यायचं. सीटखाली बसवायच्या बिनविजेच्या बिडेच्या नोझलमधून पाणी थोडंच येतं, म्हणजे गरम पाणी यायला वेळ जाणार, तोवर तुमचं आटोपलेलं आणि पाठोपाठ जाणाऱ्याला मधेच एकदम कढत. गिझरचं पाणी साठ अंशाच्या आसपास किंवा वर असतं आणि साठ अंशाचं पाणी नाजूक त्वचेला काही सेकंदांत भाजतं.

घरात पाइप गॅसवरचा गिझर असेल तर आणखीच वेगळी गंमत, तो पेटायलाच मिनिटाला दोन-अडीच लिटरचा प्रवाह लागतो. बिडेच्या धारेने तो पेटतच नाही. तुम्ही बसलाय वाट बघत.

हाताच्या जेटमधून पाणी जास्त येतं म्हणून तिथे गरम लवकर पोचतं, पण मग मिक्सर लावावा लागतो आणि त्यातून एक असा प्रॉब्लेम सुरू होतो जो महिनोन्महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. लक्षण असं, की बेसिनचा थंड पाण्याचा नळ उघडला तर कोमट पाणी येतं. कधी येतं, कधी नाही. गिझरवाल्याला बोलावतात, थर्मोस्टॅट बदलतात, फरक शून्य. होतं काय की जेटच्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त हातातला खटका सोडून पाणी बंद केलेलं असतं, त्यामुळे मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्याच राहतात आणि जिकडे प्रेशर जास्त तिकडून पाणी दुसरीकडे घुसतं. आधी मिक्सरचे कॉक बंद करून दिवसभर बघा, बेसिनचं पाणी गार झालं तर दोषी सापडला. कायमचा इलाज म्हणजे दोन्ही लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा), आणि घरातल्या प्रत्येकाला वापर झाल्यावर कॉक बंद करायची सवय, जे आपल्याकडे होत नाही हे तुम्हालाही माहितीये. शिवाय तो लवचिक पाइप सतत गरम पाण्याच्या प्रेशरखाली राहिला की एक दिवस फुटतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. लाइन साध्या यूपीव्हीसीची, म्हणजे गार पाण्याच्या प्लास्टिक पाइपची, असेल तर गरम पाणी त्यातून सोडूच नका, त्याला गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइपच लागतो.

विजेचं काम "बघू नंतर" वर ठेवणं

झटपट गरम करणारी सीट चौदाशे वॉटची धरली तरी सहा अँपिअरच्या वर जाते, म्हणजे टूथब्रश चार्ज करायच्या छोट्या सॉकेटवर ती चालवायची नाही, सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो, अर्थिंगसकट, आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. उघड्या ओल्या अंगाने बसायची जागा आहे ती, यात काटकसर नको. जुन्या बिल्डिंगमध्ये संडासात एक बल्ब सोडला तर पॉइंटच नसतो, मग लोक बाहेरून दाराखालून एक्स्टेंशन बोर्ड ओढतात. असं करणार असाल तर मला वाटतं सीट घेऊच नका.

बिलाची भीती मात्र उगाच आहे. एक लिटर पाणी बावीसवरून सदतीसला न्यायला ०.०१७ युनिट लागतं, चौघांच्या घरात दिवसाला चार-पाच लिटर धरलं तर महिन्याला दोन-अडीच युनिट. महावितरणला खरं खाऊ घालते ती सीट गरम ठेवायची सोय. सरासरी ३० वॉट जरी धरलं तरी महिन्याला एकवीस-बावीस युनिट, आणि ठाण्याच्या हवेत गरम सीटवर बसायची हौस कुणाला आहे. ते बटण पहिल्याच दिवशी बंद करा.

टाकीवाली की झटपटवाली, तर माणसं किती ते बघा. टाकीवालीत लिटरभर किंवा त्याहून कमी पाणी गरम असतं, सकाळी ऑफिसच्या घाईत पाठोपाठ तिघं गेले की तिसऱ्याला गारच.

ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी चुकीचं घेणं

फिशर, मूळव्याधीचं ऑपरेशन, बाळंतपणानंतरचे टाके, किंवा घरात ऐंशीच्या आजी ज्यांना पहाटे तीनदा उठावं लागतं, इथे कोमट पाणी ही चैन राहत नाही, दुखणाऱ्या जागी गार धार आली की स्नायू आवळतात आणि अजून दुखतं. इथे इलेक्ट्रिक सीट घ्या, बिनधास्त घ्या. पण दोन गोष्टी बघा. डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसायला सांगितलं असेल तर ते टबमध्ये दहा-पंधरा मिनिटं बसणं असतं, बिडेची अर्ध्या मिनिटाची धार त्याची जागा घेत नाही. आणि ज्यांना जुना डायबेटिस आहे, पायात-बुडाला संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किंवा सीट जास्त गरम झालेलं कळत नाही आणि भाजतं, म्हणून तापमान सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासा. बरं वाटतं म्हणून दोन-तीन मिनिटं धार घेत बसणंही नको, त्वचेचं तेल निघून जातं आणि खाज सुरू होते, मग लोक अजून धुतात.

महिना-दोन महिन्यांचाच प्रश्न असेल, बाळंतपण किंवा ऑपरेशनपुरता, तर मी सीटसुद्धा घेणार नाही. छोट्या बादलीत गिझरचं आणि नळाचं पाणी मिसळून कोपर बुडवून बघा आणि टमरेल ठेवा शेजारी. आपल्या आज्यांनी हेच केलं आणि ते आजही चालतं. वाकायला जमत नसेल तर मात्र हा उपाय बाद.

बसवल्यावर विसरून जाणं

घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, काही ठिकाणी बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळतात, ते पाणी जड असतं आणि हीटरवर क्षार बसतात. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी धरणाचं असल्यामुळे हा त्रास तिथे कमी, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ येतं ते सगळीकडेच. सीट चांगली असताना अचानक धार बारीक झाली किंवा पाणी गरम व्हायचं बंद झालं तर आधी सर्व्हिस सेंटरला फोन नको, अँगल कॉक बंद करून सीटच्या पाइपच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढा, जुन्या टूथब्रशने घासा, क्षार पांढरे चिकटलेले असतील तर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा.

आणि एप्रिल-मेमध्ये हीटर बंद. काळ्या टाकीतलं आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपातलं पाणी दुपारी दोन वाजता इतकं तापतं की वरच्या दोन मजल्यांवर जेटची पहिली धार अंगावर घेववत नाही. आधी थोडं कमोडमध्ये सोडून द्या, मग वापरा, लहान मुलांना तर नक्की सांगून ठेवा.