ऑर्किड आणि कुत्रा एका घरात: या चुका टाळा

नर्सरीत सर्रास मिळणारं फॅलेनॉप्सिस ऑर्किड कुत्र्यांना विषारी नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या बिनविषारी झाडांच्या यादीत ते आहे. पान-फूल चघळलं तर फार तर एखादी उलटी होईल. खरा धोका कुंडीत आपण जे घालतो त्याचा आहे, आणि चौकशी मात्र सगळे झाडाचीच करतात.

सेंद्रिय खत म्हणून बिनधास्त राहणं

बोनमीलच्या (हाडांच्या चुऱ्याच्या) वासाने कुत्रा कुंडी उकरतो आणि भरपूर खाल्लं तर पोटात त्याचा गोळा बसतो. एरंडीची पेंड त्याहून वाईट. तिच्यात रिसिन हे विष राहिलेलं असू शकतं. उलट्या, रक्ताची जुलाब सुरू होते, तीही काही तासांनी, त्यामुळे खाल्ल्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही. ऑर्किडला या दोन्हींची गरजच नाही. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतं. खत दिल्यावर कुंडी बाथरूममध्ये पूर्ण निथळू द्या. बशीत साचलेलं खताचं पाणी कुत्रा हमखास चाटतो.

पावसाळ्यात गोगलगायीच्या गोळ्या टाकणं

यातलं मेटाल्डिहाइड हे विष गोगलगायींना भुलवण्यासाठी खाद्यात मिसळलेलं असतं, आणि कुत्र्यालाही ते चवदार लागतं. काही तासांत अंग थरथरतं, ताप चढतो, झटके येतात. त्यापेक्षा रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी हाताने वेचा. चार कुंड्यांना असे कितीसे कष्ट! माळ्यावर थायमेट या कीटकनाशकाची जुनी पुडी असेल तर तीही कुंडीत नको. त्यातल्या फोरेटवर भारतात २०२० अखेरपासून बंदी आहे. ते पोटात गेलं तर लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडकतो.

कुंडीतलं भरण उघडं ठेवणं

नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, झाडाची साल, मॉस यांत विष नसतं, पण गिळले तर आतड्यात अडकतात. भेटीच्या कुंडीत तळाला थर्माकोल आणि दांड्याला तार, प्लॅस्टिकच्या क्लिपाही असतात. आणल्या दिवशीच काढून टाका. वरून जाळी बांधा किंवा कुंडी टांगा. व्हँडा जातीच्या ऑर्किडची मुळं हात-दोन हात खाली लोंबतात, तेव्हा उंची मुळांच्या टोकापासून मोजा. पिल्लाला ती खेळायची दोरीच वाटते. एकसारख्या उलट्या, शी बंद, पोट टम्म, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका.

शेजारची झाडं न बघणं

सजवलेल्या टोपलीत ऑर्किडबरोबर अँथुरियम, पीस लिली, मनीप्लांट लावलेले असतात. या तिन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताच तोंडाची आग होते, कुत्रा पंजाने तोंड घासतो. ओल्या फडक्याने तोंड पुसा आणि थोडं पाणी पाजा.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं

मीठ स्वतःच कुत्र्याला बाधतं, आणि झटके येत असताना उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. तोंडातलं उरलेलं काढा, लगेच व्हेटला फोन करा. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगता यायला हवं. निघताना खताचं किंवा औषधाचं पाकीट सोबत घ्या. उपचार त्यावर छापलेल्या घटकाच्या नावावरून ठरतात.