किराण्यातली बचत 15 तारखेला बंद पडायची, त्यावरचा उपाय

लक्षण असं: पहिला आठवडा हिशोब चोख, पंधरवड्यानंतर वही उघडायचीच नाही. वही झाली, मोबाइलमधलं अ‍ॅप झालं, महिन्याचं सामान एकदम भरून पाहिलं. एकदम भरलं की शेंगदाणे आणि तेल हात सैल सोडून वापरलं जातं. वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. 1 तारखेला किराण्याचे 6,000 रुपये रोख काढले. 1,300 चे चार भाग चार डब्यांत, उरलेले 800 महिन्याअखेरच्या दोन-तीन दिवसांसाठी वेगळे. शनिवारी जळगावच्या दाणा बाजारात जायच्या आधी तूरडाळ, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, तेल किती उरलंय ते बघून मगच यादी. सोबत त्या आठवड्याचाच डबा, मोबाइल घरी. परतल्यावर चप्पल काढायच्या आधी उरलेली रक्कम रिकाम्या मसाल्याच्या बरणीत. (शेवभाजीची शेव यादीत लिहूनच घ्यायची, खरी गळती तिथेच होती.)

बरणीवर चिठ्ठी आहे: ‘नंदुरबारची मिरची’. नुसतं ‘बचत’ लिहिलं होतं तेव्हा दोनदा बरणी फोडली. उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करायचाय म्हटल्यावर घरातलं कुणीच हात लावत नाही. तिसरा महिना चालू आहे, बरणीत 940 रुपये.