जुन्या इंजिनाचा रंग काढायचाय? आधी एवढं जमवून ठेवा

जावा, येझदी, राजदूत की लोखंडी बोअरची (म्हणजे सिलिंडरची) बुलेट, गाडी कुठलीही असो, इंजिनाचा जुना रंग उतरवायचं काम सोलापुरात दिवाळीनंतर काढावं आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत उरकावं. कारण आपलं ऊन. बऱ्याच कडक पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं आणि ते साधारण 40 अंशांना उकळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतच पारा 40 च्या वर जातो. अशा दिवसांत डबा उघडला की आतला दाब तोंडावर येतो, आणि ब्रशने लावलेला थर रंगात मुरण्याआधीच उडून जातो. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर उजाडताच सुरुवात करा, डबा रात्रभर गार पाण्याच्या बादलीत ठेवा, आणि झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूहळू सैल करा.

दुसरी गोष्ट पाणी. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको, त्यामुळे टाकी भरलेली असेल त्याच दिवशी हे काम धरा. कातडीवर रिमूव्हरचा थेंब पडला तर लगेच धुवावं लागतं, डोळ्यात गेला तर किमान 15 मिनिटं सलग पाणी मारून थेट दवाखाना गाठावा लागतो. म्हणून एक भरलेली बादली आणि पाणी घ्यायचा मग हाताशी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. शेवटच्या धुण्यासाठी फिल्टरच्या पाण्याचा एक कॅन वेगळा ठेवा. बोअरवेलचं जड पाणी ॲल्युमिनियमवर वाळलं की पांढरे डाग सोडतं आणि ते काढायला पुन्हा घासाघीस.

आता इंजिनाकडे वळा आणि हातात लोहचुंबक घ्या. चुंबक चिकटला तो भाग लोखंडी, नाही चिकटला तो ॲल्युमिनियम. जुन्या बुलेटचा बोअर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. जुन्या जावाचंही क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं केसिंग, ॲल्युमिनियमचं, बोअर बिडाचा. ही विभागणी खडूने खूण करून ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. पेट्रोलची टाकी किंवा मडगार्ड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून रंग काढायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि लोखंडावर ती चालते. पण ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. फेस येतो, हायड्रोजन सुटतो, केसिंग काळं पडतं आणि पॅकिंग बसायची सपाट बाजू खरबरीत होते. तिथून मग आयुष्यभर ऑइल पाझरतं. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी केसिंग कॉस्टिकमध्ये घालू देऊ नका. यात मधला मार्ग नाही.

चुंबकाच्या जोडीला थोडं थिनर आणि कापूस घ्या. एखाद्या कोपऱ्यात ओला कापूस दाबून धरा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे ज्याला आपण ड्युको म्हणतो तो. त्याला रिमूव्हरची गरजही लागणार नाही. नुसता मऊ पडला तर बहुधा इनॅमल. ढिम्म हलला नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पावडर कोटिंग, आणि तिथे कडक रिमूव्हर लागेल. बहुतेक जुन्या इंजिनांवर मात्र कुठल्या तरी गॅरेजात ब्रशने मारलेला सिल्व्हर निघतो, तोही तेलकट मळीवरच. त्या सिल्व्हरखाली मोडलेली फिन (इंजिन गार ठेवणारी पातळ पाती), केसिंगचं जुनं वेल्डिंग, बारीक तडा असं काहीही लपलेलं असू शकतं. रंग काढायचं खरं कारण मला हेच वाटतं: इंजिन जसं आहे तसं दिसलं पाहिजे.

इंजिन नंबरची पट्टी सगळ्यात आधी जपा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीची छाप घ्या, उजेडात दोन-तीन फोटो काढा, आणि तिथे तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात फिरवायचा नाही हे हाताखालच्या पोरालाही बजावून ठेवा. नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडी तुमची असूनही संशयाची होते. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. पुढेमागे तिकडे जायचं असेल तर हा नंबर स्वच्छ वाचता आलाच पाहिजे.

मग भोकं. इंजिन पूर्ण खोललेलं असेल तर हा त्रास वाचतो, आणि सील-बेअरिंग बदलायचेच असतील तर खोलूनच करावं. तसंच्या तसं करायचं तर फिरून फिरून भोकं शोधा. स्पार्क प्लग जुनाच लावून ठेवा. कार्ब्युरेटर काढून इनलेट बंद करा. एक्झॉस्ट बंद करताना जावाला सायलेन्सर दोन, म्हणजे बोअरची भोकंही दोन, हे विसरायला नको. ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारं भोक), क्लच केबलचं भोक, वायरिंग बाहेर येतं तिथलं रबर, चेन स्प्रॉकेटच्या मागचं सील, किकच्या शाफ्टचं सील हे सगळं झाकायचं. रिमूव्हर रबराला फुगवतो आणि प्लॅस्टिकच्या टेपचा गोंद सोडवतो, त्यामुळे तिथे ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी वापरा, आणि मोठ्या भोकांत सुताराकडून घेतलेल्या लाकडी खुंट्या ठोका. चिंधी कोंबू नका. ती रिमूव्हर पिऊन आत सोडते, आणि काढायची राहिली तर पहिल्याच किकला आत जाते.

तेल-मळ आधी निघाला पाहिजे, नाहीतर रिमूव्हर मळीवरच अडतो. रॉकेल नाहीतर डिझेल, मग भांड्यांचा साबण, मग पूर्ण वाळवणं. इथे टेरी टॉवेलचे टाकाऊ तुकडे सहज मिळतात. घासायला ते उत्तम, पण त्यांचे धागे सुटतात, म्हणून भोकांजवळ शेवटचं पुसायला जुनं सुती धोतर किंवा चादर बरी.

घासायला पितळी आणि नायलॉनचे ब्रश, प्लॅस्टिकची खरवडणी, बांबूची चपटी काडी ठेवा. ग्राइंडरवरचा तारेचा चाक ॲल्युमिनियमवर नको, चरे कायमचे राहतात. खरी परीक्षा बोअरच्या फिनमध्ये असते. तिथे रंग, तेल आणि रस्त्याची धूळ वर्षानुवर्षं भाजून एकजीव झालेली असते, आणि ब्रश तळापर्यंत पोचत नाही. त्यासाठी परकराची जाड सुती नाडी वारभर घ्या. रिमूव्हर मुरल्यावर ती दोन फिनमधून घालून, दोन्ही टोकं घट्ट हातमोजे घातलेल्या हातांत धरून पुढे-मागे ओढली की काळपट चिखल नाडीबरोबर बाहेर येतो आणि तळाशी राखाडी बीड दिसायला लागतं.

हातमोज्यांबद्दल स्पष्ट सांगतो. दवाखान्यातले पातळ लेटेक्सचे मोजे मिथिलीन क्लोराइडपुढे टिकत नाहीत, नायट्राइलचेही काही मिनिटांतच पाझरतात. कापडी मास्क तर त्या वाफेला अडवतच नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने 2019 मध्ये अशा रिमूव्हरची सामान्य ग्राहकांना विक्री बंद केली ती बंद खोलीतल्या मृत्यूंमुळेच. शटर ओढलेल्या गाळ्यात हे काम कधीही नको. उघडं अंगण, वारं पाठीमागून, चष्मा, लांब दांड्याचा ब्रश, आणि जवळपास बिडी, सिगारेट, शेगडी, हीट गन काहीही नाही. ज्योतीवर या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. बेंझिल अल्कोहोलचा रिमूव्हर मिळाला तर तोच घ्या. तो हळू चालतो, एक रात्र जास्त लागेल, लागू दे. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही, आणि घरातली लहान मुलं त्या दिवशी आजोळी.

एमआयडीसीत ब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून रंग उडवणाऱ्याकडे, न्यायचा विचार असेल तर इंजिन खोलूनच न्या. वाळूचा एक कण ऑइलच्या वाटेत राहिला तरी बेअरिंग जातं. सोडा ब्लास्टिंग असेल तर बरं, सोडा पाण्यात विरघळून निघतो.

रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी पुढचा रंगही घरात आणून ठेवा. बिडाचा बोअर धुतल्यावर काही तासांतच तांबूस होतो. त्याला लगेच हवा मारून, थिनरने पुसून, त्याच दिवशी हीट रेझिस्टंट रंगाचा पहिला हात द्यावा लागतो. ॲल्युमिनियम केसिंगवर मात्र पुन्हा सिल्व्हर मारू नका, ते उघडंच पॉलिश करा. खरवडलेला रंग आणि भिजलेल्या चिंध्यांसाठी एक पत्र्याचा डबा लागेल. हा कचरा त्यात उघड्यावर वाळू द्या, मग झाकण लावून घातक कचरा म्हणून वेगळा द्या. गटारात ओतू नका, आणि थंडी आहे म्हणून शेकोटीतही टाकू नका.