कामासाठी नाशकात आलात? गावचं रेशन इथेच उचला

सुरगाणा-पेठहून द्राक्षछाटणीला निफाड-दिंडोरीत आलेली जोडपी असोत की बिहारमधून अंबड-सातपूरला आलेले कामगार, रेशनसाठी गावी जायची गरज नाही. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं असलं की देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. बिगर-प्राधान्य केशरी कार्डाला मात्र ही सोय नाही.

दुकानात कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा आणि मशीनवर अंगठा द्यायचा. प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून मोफत. म्हातारे आईवडील गावी असतील तर इथे सगळा कोटा उचलू नका. त्यांच्या वाटचं सोडून बाकीचंच मागा, नाहीतर तिकडे ते रिकाम्या हाताने परततील.

घोडं अडतं ते बहुधा अंगठ्यावर. सिमेंटने किंवा छाटणीच्या कात्रीने बोटांच्या रेषा झिजतात. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून पाहा. तरीही नाही जमलं तर कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याला पाठवा. आधार जोडलेलं नसेल किंवा ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवून घेणं) राहिली असेल तर आधी तेवढं उरका. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर १४४४५ वर तक्रार करा.

बांधकामावर असाल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या लाभांसाठी रेशनपासून वेगळी नोंदणी करावी लागते. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतात, म्हणून काम चालू असतानाच मागून घ्या.